हरणारा संघ आणि आपला रक्तदाब

तारीख पक्की लक्षात आहे. २२ मे २०१७, सोमवार. सकाळी दवाखाना उघडायला गेलो तर पायरीवर एक जोडपे आधीच येऊन बसलेले. गृहस्थ ओळखीचे. पेठेत वह्या-पुस्तकांचे दुकान, वय बावन्न, पाच वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू. चेहरा ओढलेला, डोळे तांबारलेले. "डॉक्टर, रात्रीपासून छातीत धडधडतंय. डोळ्याला डोळा लागला नाही," म्हणाले. रक्तदाब मोजला, तो निघाला १७२/१०४. ताबडतोब ईसीजी काढला. सुदैवाने त्यात काही दोष नव्हता.

काल काय झाले, असे विचारले. उत्तर वहिनींनी दिले. "काय व्हायचंय? एक धाव कमी पडली."

आदल्या रात्री हैदराबादला आयपीएलचा अंतिम सामना झाला होता. मुंबईच्या जेमतेम १२९ धावा. त्या मोसमात पुण्याने मुंबईला तीन वेळा हरवलेले, त्यामुळे चषक आता आपलाच, अशी पेठेतल्या निम्म्या लोकांची खात्री झाली होती. शेवटच्या षटकात अकरा धावा हव्या होत्या. पहिल्याच चेंडूवर चौकार गेला, आणि तरीही पुणे १२८ वर थांबले. आमच्या गृहस्थांनी "सामना संपला की घेतो" म्हणून रात्रीची गोळी तशीच ठेवली होती. समोर फरसाण, दोनदा चहा, मध्येच गॅलरीत जाऊन ओढलेल्या तीन सिगारेटी. सामना संपल्यावर जेवण नाही. हे सगळे सांगून झाल्यावर वहिनी क्षणभर थांबल्या आणि खाली बघत म्हणाल्या, "आणि धाकट्याला मारलं. टीव्हीपुढून गेला म्हणून."

गृहस्थ काही बोलले नाहीत. रक्तदाब गोळीने उतरणार होता, त्याची मला फार चिंता नव्हती. हे शेवटचे वाक्य मात्र मनातून गेले नाही.

आरोग्याच्या सदरात खेळाचे काय काम, असे काही वाचक म्हणतील. पण पुणे आणि आसपासच्या तालुक्यांतल्या क्रीडाप्रेमींना पराभव पचवण्याचा जेवढा सराव झाला आहे, तेवढा फार थोड्यांना झाला असेल. पुणे वॉरियर्स हा संघ २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षे खेळला. ४६ सामने, त्यांत १२ विजय, ३३ पराभव आणि एक सामना निकालाविना. २०१२ साली नऊ संघांत नववा क्रमांक. २३ एप्रिल २०१३ रोजी बंगळूरला ख्रिस गेलने नाबाद १७५ धावा कुटल्या, त्या आपल्याच गोलंदाजांना. तळेगाव, चाकण, शिरूरकडची मंडळी हौसेने गहुंज्याच्या मैदानावर जात आणि मध्यरात्री हिरमुसली होऊन परतत. २०१३ मध्येच तो संघ बंद पडला. २०१६ साली दुसरा आला, तो पहिल्या वर्षी आठांत सातवा. दुसऱ्या वर्षी अंतिम सामना एका धावेने गेला आणि दोन वर्षांची मुदत संपल्याने तोही गुंडाळला गेला. म्हणजे राग धरायलासुद्धा संघ उरला नाही! कबड्डीतल्या पुणेरी पलटणची सुरुवातही अशीच. २०१४ आणि २०१५ या पहिल्या दोन्ही मोसमांत तळाचा क्रमांक.

जुन्या मंडळींना याचे काही विशेष वाटत नाही. महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला तो १९३९-४० आणि १९४०-४१ साली, प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली. त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ अशा तीन मोसमांत अंतिम फेरी गाठली आणि तिन्ही वेळा हात हलवत परत आलो. (देवधर मात्र १०१ वर्षे जगले. खेळत राहणे हे बघत बसण्यापेक्षा प्रकृतीला मानवते, एवढे त्यावरून म्हणायला हरकत नसावी.)

आता शरीराकडे वळू. अटीतटीचा सामना बघताना आपण खुर्चीत बसलेले असतो, पण शरीराला ते ठाऊक नसते. मेंदू धोक्याची सूचना देतो, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही द्रव्ये रक्तात उतरतात. नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. वाघ मागे लागला तर पळण्यासाठी केलेली ही तरतूद आहे. पळणाऱ्याच्या ती कामी येते. बसून राहणाऱ्याच्या शरीरात ती नुसतीच फिरत राहते. निरोगी तरुणाला याने काही होत नाही. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झालेल्या आहेत, त्याची गोष्ट वेगळी.

ही भीती घालण्यासाठी केलेली कल्पना नव्हे. २००६ साली जर्मनीत फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा म्युनिक शहर व परिसरातल्या डॉक्टरांनी हृदयाच्या तातडीच्या रुग्णांची मोजदाद केली. जर्मनीचा सामना असेल त्या दिवशी असे रुग्ण नेहमीच्या २.६६ पट होते, पुरुषांत ३.२६ पट, स्त्रियांत १.८२ पट. सर्वाधिक रुग्ण सामना सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या दोन तासांतले. विशेष म्हणजे अर्जेंटिनाविरुद्धचा सामना जर्मनीने जिंकला, तरी त्या दिवशी रुग्ण वाढलेच. म्हणजे दोष एकट्या पराभवाचा नाही, ताणाचा आहे. इंग्लंडमधली नोंद पराभवाची आहे. ३० जून १९९८ रोजी त्यांचा संघ अर्जेंटिनाकडून पेनल्टींवर हरला. त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या २५ टक्क्यांनी वाढलेली आढळली.

आता मूळ प्रश्न. आपला संघ सतत हरत असेल तर माणसाने आशावादी राहावे की टीका करावी? आम्ही डॉक्टर लोक उठसूट सांगत असतो, "चांगला विचार करा, मन प्रसन्न ठेवा." मीही वर्षानुवर्षे सांगत आलो. पण त्या सोमवारी एक गंमत लक्षात आली.

आमच्या दुकानदारांचे एक स्नेही आहेत, निवृत्त गणिताचे शिक्षक. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. तेही माझेच रुग्ण, तेही रक्तदाबाचे, आणि तो सामना दोघांनी एकाच खोलीत बसून पाहिला होता. दुकानदार अट्टल आशावादी. संघ तळाला असला तरी "पुढच्या सामन्यापासून बघा" हे ठरलेले. मास्तर तितकेच अट्टल टीकाकार. कर्णधार चुकला, फलंदाजीचा क्रम चुकला, हा क्षेत्ररक्षक तिथे कशाला उभा केला; तोंडाचा पट्टा अखंड चालू. त्या रात्री १२९ ही संख्या पाहून मास्तर म्हणाले होते, "एवढ्याही जड जातील, लिहून ठेवा." सामना संपला, तेव्हा "सांगितलं होतं ना?" एवढे बोलून ते घरी गेले, गोळी घेतली, दहीभात खाल्ला आणि झोपले. त्याच आठवड्यात तपासायला आले तेव्हा रक्तदाब १३२/८०. आशावाद्याची रात्र छाती धरून गेली आणि किरकिऱ्या माणसाला शांत झोप लागली!

एका उदाहरणावरून सिद्धांत मांडू नये, हे खरेच. पण बाहेरच्या देशांत जे अभ्यास झाले आहेत, तेही काहीसे याच दिशेने बोट दाखवतात. अमेरिकेतल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या फुटबॉलचे सामने आणि पोलिसांकडच्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या. २०११ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गावचा संघ हमखास जिंकणार असे वाटत असताना हरला, तर पुरुषांनी घरातल्या स्त्रीवर हात उगारण्याच्या घटना सुमारे १० टक्क्यांनी वाढत होत्या, आणि त्याही सामना संपण्याच्या सुमारास. हरणार असे आधीच वाटत असलेला संघ हरला, तर अशी वाढ दिसत नव्हती. पराभव तोच, फरक पडला तो कुठल्या उंचीवरून खाली आलो याचा. धाकट्याला बसलेला तो फटका मला या अभ्यासात जसाच्या तसा दिसला. क्षेत्ररक्षणातल्या चुका अकरा जणांच्या, मार बसला तो घरातल्या सगळ्यांत लहानाला.

फ्रान्समधल्या दोन संशोधकांनी २०१३ साली आणखी एक गोष्ट दाखवली. अमेरिकेत रविवारी सामना हरलेल्या शहरांत सोमवारी लोकांच्या खाण्यातली घातक चरबी १६ टक्क्यांनी वाढते, जिंकलेल्या शहरांत ९ टक्क्यांनी घटते. थोडक्यात निसटलेल्या सामन्यानंतर तर हे अधिक. एका धावेने हरलेल्या पुण्यात त्या सोमवारी वडापाव किती खपले, हे कोणी मोजले नाही. पण याच संशोधनात उपायही सापडला, आणि तो अगदी साधा. आपल्या आयुष्यात मोलाचे काय आहे, हे ज्यांना आधी कागदावर लिहायला सांगितले, त्यांच्यात पराभवानंतर अरबट-चरबट खाण्याची ओढ दिसलीच नाही. संघ हरला म्हणून मी हरलो नाही, हे मनाला आठवून देणे पुरेसे होते.

खरी गाठ इथे आहे. आपली मराठी या बाबतीत फार बोलकी आहे. संघ जिंकला की आपण म्हणतो, "आपण जिंकलो!" हरला की, "हरले लेकाचे!" अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांची अशीच बोली एका मानसशास्त्रज्ञाने १९७६ साली नोंदवून ठेवली आहे. विजयानंतरच्या सोमवारी ते विद्यापीठाच्या नावाचे कपडे घालून मिरवत. विजय अंगाला लावून घ्यायचा आणि पराभव झटकायचा, ही माणसाची स्वतःला सांभाळण्याची रीत आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. आधीच थोडे वाईट धरून चालणे, ही मास्तरांची रीत, तीही त्यातलीच. अडचण होते ती दुकानदारांसारख्यांची. ते पराभवातही "आपण" म्हणतात. अशी माणसे खरी निष्ठावान. मला ती आवडतात, पण डॉक्टर म्हणून त्यांच्यावर माझी नजर असते.

मात्र यावरून "टीका करा, प्रकृती सांभाळा" असा अर्थ कोणी काढू नये. टीकेचेही प्रकार आहेत. मास्तरांची एक लांबडी वही आहे. प्रत्येक सामन्याची तारीख, कुठे फिरला, कोणाची चूक, असे चार-पाच ओळींत लिहितात आणि वही मिटतात. वही मिटली की त्यांची टीकाही मिटते. ती खेळावर असते, माणसाच्या आईबापावर जात नाही. उलट काहींची टीका रात्रभर मोबाइलवर चालते. खेळाडूला शिव्या, त्याच्या बायकोमुलांना शिव्या, मग समोरून उत्तर, त्याला प्रत्युत्तर. यात राग बाहेर पडून माणूस मोकळा होतो, असा समज आहे. अनुभव तसा नाही. प्रत्येक शिवीबरोबर तो सामना पुन्हा सुरू होतो आणि ती द्रव्ये पुन्हा रक्तात उतरतात. हीच गोष्ट जमावात घडली की काय होते, ते १३ मार्च १९९६ रोजी कोलकात्यात दिसले. विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारताचे ८ गडी १२० धावांत बाद झालेले, प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, गॅलरीत आगी लावल्या, आणि सामना श्रीलंकेला बहाल करावा लागला. २००७ साली विश्वचषकात बांगलादेशाकडून हरल्यावर रांचीत धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घराची मोडतोड झाली. तिला टीका म्हणता येणार नाही.

आशेचेही तसेच. "हा सामना जिंकलोच पाहिजे" ही आशा नव्हे, तो हट्ट. "पोरे मेहनत करताहेत, दोन-तीन वर्षांत संघ उभा राहील" ही आशा, आणि ती एका रात्रीत मोडत नाही. पुणेरी पलटणच्या चाहत्यांना तिचे फळ मिळाले. तळाला असताना जे लोक बालेवाडीला जाऊन ओरडत होते, त्यांनी १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत अंतिम सामना २९-३३ असा गमावलेला पाहिला आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला २८-२५ असा जिंकलेलाही पाहिला. तोपर्यंत दहावा मोसम उजाडला होता.

खेळाचे वेड सोडा, असे मी कोणालाही सांगत नाही. उलट एखाद्या संघाशी जोडलेली माणसे कमी एकाकी असतात, असे याचा अभ्यास करणारे सांगतात, आणि पेठेतल्या कट्ट्यांवर मला ते दिसते. पत्नी गेल्यावर घुम्यासारखे झालेले एक आजोबा केवळ कबड्डीमुळे पुन्हा चार लोकांत बसू लागले. म्हणून सामना शक्यतो एकट्याने बघू नये. मास्तरांसारखा एखादा कुरकुऱ्या बरोबर असला तर उत्तमच. आपली आशा फार वर चढली की तो खाली ओढतो, आणि त्याची कटकट फार झाली की आपण त्याला चहा पाजतो.

ज्यांना रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा विकार आहे, त्यांना चार गोष्टी आग्रहाने सांगतो. गोळीची वेळ सामन्यावर ठरवू नका. रात्री राहून गेली म्हणून सकाळी मनानेच दोन घेऊ नका, डॉक्टरांना विचारा. सामन्याच्या मधल्या विश्रांतीत उठून घरातल्या घरात फेऱ्या मारा. पळण्यासाठी आलेली ती द्रव्ये थोडी तरी खर्ची पडतात. सिगारेट आणि तंबाखू नाडीचा वेग आणखी वाढवतात, त्या वेळी तर नकोच. फरसाण आणि चिवड्यातले मीठ मोजायला गेलात तर दचकाल. शेंगा, फुटाणे, काकडी चालेल. पैसे लावून सामना बघणाऱ्याविषयी काही लिहीत नाही. त्याचा आजार वेगळा आहे, आणि तो बेकायदाही आहे.

छातीत मधोमध दाबल्यासारखे दुखू लागले, दुखणे हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीत जाऊ लागले, दरदरून घाम सुटला, श्वास अपुरा पडू लागला, तर "ॲसिडिटी असेल, एवढं षटक होऊ दे" असे म्हणू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. मधुमेही माणसाला दुखतेच असे नाही. नुसता घाम आणि अस्वस्थपणा असला तरी थांबू नये. स्वतः गाडी चालवत निघू नये. अशा वेळी गेलेले एक षटक फार महागात पडलेले मी पाहिले आहे.

हरल्यानंतरचा पहिला अर्धा तास घरासाठी नाजूक असतो. त्या वेळात मुलाचे गुण, दुकानाची उधारी, सासरची माणसे हे विषय काढू नयेत. यजमानांनी चपला घालून कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून यावे. संघ हरला की घरात मार बसतो, असे ज्या घरात नेहमीच होत असेल, तिथे दोष खेळाचा नाही आणि ते सहन करायचे कारणही नाही. स्त्रियांच्या मदतीसाठी १८१ हा क्रमांक आहे. मन फारच खचत असेल, आठवडाभर झोप-भूक उडत असेल, तर १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतून बोलता येते.

दुकानदारांचे पुढे काय झाले? त्या दिवशी त्यांना दुपारपर्यंत दवाखान्यात पडून राहायला लावले. जाताना मी त्यांच्या हातात एक कोरा कागद दिला आणि आयुष्यात मोलाचे काय, ते लिहून आणा म्हणालो. आठ दिवसांनी आले. कागदावर चारच शब्द होते, त्यांतला पहिला धाकट्याचे नाव. संघाचे नाव नव्हते. कागद खिशात परत ठेवताना म्हणाले, "त्याला सॉरी म्हटलं मी. तो म्हणाला, जाऊ दे बाबा, एकच धाव होती."

३१ ऑक्टोबर २०२५ रोजी कबड्डीचा अंतिम सामना दिल्लीत झाला आणि पलटण ती लढत २८-३१ अशी हरली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या तपासणीसाठी आले, बरोबर धाकटा. आता चांगला उंच झाला आहे. आत शिरल्यापासून बाप-लेक दोघेही चढायांवरून वाद घालत होते. मी पट्टा दंडाला गुंडाळला आणि म्हटले, "एक मिनिट गप्प बसा, नाहीतर आकडा चुकेल."

१३४/८४ आला. वाद पुन्हा सुरू झाला.